राजपत्र वाचणारी माणसं

14 सप्टेंबर 2020. करोनामुळे लांबलेलं संसदेचं पावसाळी अधिवेशन त्या दिवशी सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी शेतीशी संबंधित तीन विधेयकं लोकसभेत मांडली गेली. त्यांतलं एक 1955 च्या आवश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करणारं होतं. धान्य, डाळी, बटाटे, कांदे, तेलबिया, खाद्यतेल यांच्यावर सरकारने ऊठसूट बंधनं घालायची नाहीत. युद्ध, दुष्काळ, मोठी नैसर्गिक आपत्ती किंवा भावांत विलक्षण वाढ झाली तरच हात घालायचा, असं ते सांगत होतं. साठ्यावर मर्यादा घालायची तर भाव किती वाढलेला असावा, हेही त्यात आकड्यांत लिहिलं होतं. फळं-भाज्यांचा किरकोळ भाव शंभर टक्क्यांनी चढला पाहिजे, टिकाऊ मालाचा पन्नास टक्क्यांनी. त्याच दिवशी विदेश व्यापार महासंचालनालयाची एक अधिसूचना निघाली. कांद्याची निर्यात बंद.

दोन्ही कागद एकाच सरकारचे. पहिल्यावर टीव्हीवर चर्चा झडल्या. दुसऱ्याचा अर्थ नाशिक जिल्ह्याला कुणी समजावून सांगावा लागला नाही. आमच्या पेशातल्या लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचले, कारण कागद शेजारी ठेवून वाचणं हेच आमचं काम. तसं वाचलं की लक्षात येतं, की कायद्याच्या भाषेत इथे कसलीच विसंगती नव्हती. साठ्यावरची बंधनं एका कायद्याखाली येतात आणि निर्यातबंदी 1992 च्या परकीय व्यापार कायद्याखाली. एका कायद्याची गाठ सैल केली तरी दुसऱ्याची तशीच राहते, आणि शेतकऱ्याचा माल एकाच वेळी दोन्ही गाठींत अडकलेला असतो. पुढच्या महिन्यात, 23 ऑक्टोबरला, कांद्यावर साठामर्यादाही आली: घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळ विक्रेत्याला 2 टन. ती नव्या कायद्यातल्या भाववाढीच्या अटीवर बोट ठेवूनच आणली गेली. ज्या दुरुस्तीला स्वातंत्र्य म्हटलं होतं, तिच्यातच बंधनाची वाट आखलेली होती. विधेयकाच्या समर्थनार्थ आणि विरोधात जे लेख तेव्हा छापून आले, त्यांपैकी फार थोड्यांनी ही अट वाचलेली दिसत होती.

मी खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या एका संस्थेत धोरण-संशोधक म्हणून काम करतो. या वाक्यावर समोरचा माणूस बहुतेक वेळा गप्प होतो किंवा 'म्हणजे उद्योगपतींसाठी?' असं विचारतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर या लेखात पुढे देणार आहे. आधी कामाबद्दल सांगतो, कारण दिवाळी अंकांतून प्राध्यापक, वकील, डॉक्टर, कार्यकर्ते यांच्या कामाविषयी पुष्कळ आलेलं आहे. कायदा, नियम, शासन निर्णय आणि परिपत्रक यांच्या मधल्या फटींत आयुष्य घालवणाऱ्या या माणसांविषयी फारसं आलेलं नाही.

कामाची सुरुवात कायद्याच्या पुस्तकाने होते आणि ते सगळ्यांत सोपं असतं. कायदा म्हणजे नुसता सांगाडा. विधिमंडळ 'विहित केल्याप्रमाणे' असं म्हणून पुढे जातं, आणि विहित काय केलं हे नियमांत असतं. नियमांत 'शासन वेळोवेळी ठरवील' असं असतं आणि ते जीआरमध्ये सापडतं. जीआरनंतर परिपत्रक, परिपत्रकानंतर एखाद्या आयुक्ताचा तोंडी आदेश, जो कुठेच सापडत नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात 2012 पासून अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा असा नियम आहे. दीडशे शब्दांत असा प्रश्न विचारणं की 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून तो परत येणार नाही, हे नव्या मुलांना शिकायला बराच काळ लागतो. मग मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी बसणं, बाजार समितीच्या आवारात पहाटे उभं राहणं, आणि शेवटी आकडे मांडणं. अहवाल लिहिणं हा त्यातला सगळ्यांत छोटा भाग.

मुंबईत या कामाच्या परंपरेचा एक पत्ता आहे: दादाभाई नौरोजी रस्ता. ए. डी. श्रॉफ यांनी 1956 मध्ये 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' स्थापन केलं आणि त्याचं कार्यालय याच रस्त्यावर थाटलं गेलं. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे ते दादाभाई आमच्या पेशाचे मूळपुरुष शोभावेत असे. 1867-68 च्या सरकारी आकड्यांवरून त्यांनी हिशेब मांडला की ब्रिटिश हिंदुस्थानात दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे 20 रुपये भरतं, आणि मग ते आकडे तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार स्वतः किती खर्च करतं याच्याशी ताडून पाहिले. कैद्याला जेवढं मिळतं तेवढंही मोकळ्या माणसाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच कागदांतून सरकारला दाखवलं. राज्यकर्त्याच्याच नोंदी घ्यायच्या आणि त्या त्याच्यासमोर शांतपणे मांडायच्या, ही पद्धत आम्ही आजही वापरतो. आम्हाला ती दादाभाईंकडून मिळाली असं मी मानतो.

श्रॉफ मात्र वेगळ्या वाटेने आले. 1944 च्या 'बॉम्बे प्लॅन'वर जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्याबरोबर त्यांचीही सही आहे, आणि त्या आराखड्यात सरकारने अर्थव्यवस्थेत मोठा हात घालावा असंच म्हटलं होतं. त्याच वर्षी ते ब्रेटन वुड्सच्या परिषदेला हिंदुस्थानच्या प्रतिनिधिमंडळात होते. बारा वर्षांनी त्यांनी फोरम काढलं ते दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची दिशा पाहून. पण नुसत्या सरकारविरोधावर ते थांबले नाहीत. भेसळ, काळाबाजार, करचुकवेगिरी यांपासून व्यावसायिकांनी लांब राहावं यासाठी फोरमने त्यांच्यासाठी आचारसंहिता तयार केली. ही गोष्ट हल्ली कुणी सांगत नाही. मला ती फार मोलाची वाटते, कारण बाजाराची बाजू घेणाऱ्याने आधी व्यापाऱ्याला चार अटी घालाव्यात हे तिथे सुरुवातीलाच ठरलं होतं.

फोरमची छोटी पुस्तिका हे त्याचं खरं हत्यार होतं. थोडी पानं, एक विषय, खिशात मावेल असा आकार. एम. आर. पै यांनी सारी हयात या कामात घातली, आणि पुढे बँकेच्या ठेवीदारांच्या हक्कांसाठीही ते तितक्याच चिकाटीने लढले. नानी पालखीवालांची अर्थसंकल्पावरची भाषणं फोरमच्याच व्यासपीठावर 1958 मध्ये ग्रीन हॉटेलच्या लहानशा सभागृहात सुरू झाली आणि वाढत वाढत ब्रेबॉर्न स्टेडियमवर जाऊन पोचली. करांच्या कलमांविषयी ऐकायला हजारो माणसं स्टेडियमवर बसतात, हे आज खरं वाटणार नाही. भाषण इंग्रजीत असायचं, विषय रुक्ष असायचा. पण सामान्य पगारदाराला आपल्या खिशातून काय आणि कोणत्या कलमाखाली जातं ते कुणी समजावून सांगावं अशी भूक होती.

याच काळातला दुसरा माणूस बी. आर. शेणॉय. सी. डी. देशमुख अर्थमंत्री असताना दुसऱ्या योजनेसाठी अर्थतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं. 1955 च्या त्या मंडळात एकट्या शेणॉयांनी भिन्नमतपत्रिका जोडली. योजनेत 1,200 कोटी रुपयांची तुटीची भरती धरली होती. बचत नसताना नोटा छापून गुंतवणूक केली तर भाव वाढतील आणि परकीय चलन आटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. 1957 मध्ये परकीय चलनाचा पेच खरोखरच उभा राहिला. सरकारी वर्तुळात मात्र शेणॉय एकटेच राहिले. आमच्या पेशात येणाऱ्या मुलांना मी ती पत्रिका वाचायला देतो. तिच्यात आरडाओरड नाही, कुणाच्या हेतूंवर शंका नाही; मंडळातल्या इतरांविषयी आदर आहे आणि हिशेब आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या साऱ्याची ओळख मात्र झाली ती आंबेठाणमुळे. शरद जोशी बर्नला जागतिक डाक संघात नोकरीला होते. ती सोडून परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि 1977 पासून स्वतः शेती करू लागले. पिकाला काय लागलं, बाजारात काय मिळालं, याचा हिशेब ते ठेवत गेले. त्या हिशेबातून जे निघालं ते पुढे 'शेतकरी संघटना' म्हणून उभं राहिलं: 1980 चं चाकणचं कांदा आंदोलन, त्याच वर्षी नाशिकचं ऊस-कांदा आंदोलन. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्या हिशेबातूनच आली. सरकार शेतकऱ्याला खत-पाण्यात जे देतं त्यापेक्षा निर्यातबंदी, झोनबंदी आणि सक्तीची लेव्ही यांतून जास्त काढून घेतं. म्हणजे शेतीला मिळणारी सबसिडी उणे आहे, हा त्यांचा सिद्धान्त. विद्यापीठांनी तेव्हा तो चळवळीचा आवेश समजून बाजूला ठेवला.

2018 मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या दोन संस्थांचा भारतीय शेतीधोरणावरचा अहवाल आला. त्यात 2000-01 ते 2016-17 या काळात शेतकऱ्याला मिळालेल्या एकूण आधाराची सरासरी काढली आहे: शेतकऱ्याच्या एकूण प्राप्तीच्या उणे 14 टक्के. म्हणजे सगळ्या अनुदानांचा जमाखर्च मांडूनही शेतकऱ्याकडून वसुलीच झाली. हा आकडा जागतिक दर्जाच्या पद्धतीने, जगातल्या इतर देशांशी तुलना करता येईल असा काढलेला आहे. शरद जोशी 12 डिसेंबर 2015 ला गेले. हा अहवाल त्यांनी पाहिला नाही. मला याचं दुःख होतं. आमच्या कामात बरोबर असणं आणि वेळेवर बरोबर ठरणं यांच्यामध्ये अनेकदा एक आयुष्य जातं.

अलीकडचं उदाहरण त्याहून कटू आहे. तीन शेती कायद्यांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये स्थगिती दिली आणि एक समिती नेमली. तिच्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते, कृषी-अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटी आणि प्रमोदकुमार जोशी होते. समितीने मार्चमध्ये बंद लिफाफ्यात अहवाल दिला. नोव्हेंबरअखेर संसदेने कायदे रद्द केले. अहवाल लोकांसमोर आला तो मार्च 2022 मध्ये, घनवटांनी स्वतः प्रसिद्ध केला म्हणून. कायद्यांच्या बाजूचे असा वा विरोधातले, ज्या प्रश्नावर दिल्लीच्या वेशीवर वर्षभर रस्ते अडले होते त्यावरचा अभ्यास लोकांना मिळाला तेव्हा कायदेच उरले नव्हते. या बाबतीत मी कुणाचीही गय करायला तयार नाही. अहवाल लिफाफ्यात ठेवणं म्हणजे तो न लिहिण्यासारखंच आहे.

आता रस्त्यावर येऊ. धोरण-संशोधनाला नव्याने लागलेल्या मुलामुलींना आम्ही पहिल्यांदा फेरीवाल्यांकडे पाठवतो. दिल्लीतल्या 'सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी'ने, जी संस्था 15 ऑगस्ट 1997 ला सुरू झाली, हातगाडी, सायकल रिक्षा, फुटपाथ यांवरच्या परवान्यांचा अभ्यास करून 2005 मध्ये पुस्तक काढलं, आणि तेव्हापासून खुल्या बाजाराच्या संशोधनात हा विषय मध्यभागी आला. सायकल रिक्षांच्या संख्येवर दिल्लीत 99 हजारांची मर्यादा होती. जो चालवील तोच मालक असला पाहिजे अशी अटही होती. 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती चौकट मोडून काढली. ती लढाई 'मानुषी' या संघटनेने न्यायालयात नेली होती.

मुंबईत फेरीवाल्याशी बोलायला गेलं की पहिला प्रश्न तोच विचारतो: "साहेब, पालिकेकडून आलात?" नाही म्हटल्यावरही विश्वास बसायला वेळ लागतो. मग कधी तरी गल्ल्याखालची प्लास्टिकची पिशवी बाहेर येते. तिच्यात पावत्या असतात. 1980 च्या दशकाच्या शेवटी महापालिकेने अनधिकृतपणे जागा व्यापल्याबद्दल आणि कचरा उचलण्याबद्दल रोजचा आकार वसूल करायला सुरुवात केली होती. पावतीवरच अनधिकृत म्हटलेलं, तरी ती पावती हा त्या माणसाकडे असलेला इथे आपण होतो याचा एकमेव सरकारी पुरावा. पावतीपद्धत बंद झाली, पावत्या जपून राहिल्या. पालिकेची गाडी आली की माल उचलला जातो, दंड भरून तो सोडवायचा, तोवर भाजी सडते. हप्त्याविषयी कुणी आकडा सांगत नाही, पण तो धंद्याच्या खर्चात धरलेला असतो हे त्यांच्या हिशेबातूनच दिसतं.

2014 मध्ये संसदेने फेरीवाल्यांसाठी कायदा केला. कागदावर तो चांगला आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्यायचे, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. आता हिशेब करू. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. अडीच टक्के म्हणजे सुमारे 3 लाख 11 हजार. 2014 च्या सर्वेक्षणात आलेले अर्ज सुमारे 99 हजार. समितीच्या निवडणुकीसाठी 2024 मध्ये जी यादी झाली तिच्यात सुमारे 32 हजार नावं. कायद्याने जेवढ्यांना जागा दिली त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी माणसं दहा वर्षांनी यादीत आहेत, आणि उरलेली रस्त्यावरच आहेत, पूर्वीइतकीच घाबरलेली.

या ठिकाणी आमच्यात आणि पादचाऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये खरा मतभेद आहे, आणि तो दडवण्यात अर्थ नाही. फुटपाथ हा चालणाऱ्याचाही आहे. दादर स्टेशनबाहेर संध्याकाळी लहान मूल घेऊन चालणाऱ्या बाईला आमचा अहवाल काय कामाचा? माझं उत्तर असं की जागा आखून, क्रमांक देऊन, भाडं उघडपणे ठरवलं तर चालणाऱ्यालाही वाट मिळते. आज जे चाललंय त्यातही भाडं भरलंच जातं. ते फक्त पालिकेच्या तिजोरीत जात नाही आणि त्याच्या बदल्यात कुणाला हक्क मिळत नाही.

यापेक्षा खोल शिकवण मला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने दिली. 1927 च्या भारतीय वन कायद्यात कलम 2(7) आहे. त्यात झाडाची व्याख्या करताना बांबू झाडांत धरला होता. बांबू हे गवत. पण कायद्याने झाड ठरवल्यामुळे तो तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक परवाना लागायचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातलं, म्हणजे तो गावाचा झाला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं वाहतूक परवाना देईना. बांबू गावाचा, पण गावाबाहेर नेता येत नाही, म्हणजे विकता येत नाही. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर ग्रामसभेने निविदा काढून बांबू विकला आणि पैसा गावाच्या खात्यात आला.

एवढं ऐकून आमच्यातल्या कुणालाही आनंदच होईल: मालकी मिळाली, विक्रीचं स्वातंत्र्य मिळालं, भाव मिळाला. पण याच गावाने 2013 मध्ये महाराष्ट्र ग्रामदान कायदा, 1964 याखाली आपली खासगी शेतजमीन ग्रामसभेच्या नावावर करायचं ठरवलं. खासगी मालमत्ता हा तर आमच्या विचाराचा पाया मानला जातो. आणि इथे खुल्या विक्रीचा सगळ्यांत यशस्वी दाखला देणारं गाव खासगी मालकीच सोडून देत होतं. मी यावर बराच विचार केला आहे. माझ्या मते मेंढ्याने जे मागितलं ते मालक कोण हे ठरवण्याचा अधिकार. वनखात्याने ठरवू नये, कागद कारखान्याने ठरवू नये, आणि दिल्ली-मुंबईतल्या आमच्यासारख्या संस्थांनीही ठरवू नये. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगट चालवले. कायदा, जंगल, मध, मासे, जो प्रश्न समोर येईल त्यावर गावकरी बसून वाचत, बाहेरच्या जाणकाराला बोलावत, आणि निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत घेत. आम्ही ज्याला धोरण-संशोधन म्हणतो ते काम तिथे गोंड शेतकऱ्यांनी, कुठल्याही देणगीदाराशिवाय, स्वतःसाठी केलं होतं.

कागद कारखान्याचा उल्लेख आला, तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो: 'म्हणजे उद्योगपतींसाठी?'

माधव गाडगीळांनी कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास करताना दाखवून दिलं की सरकारने कागद गिरण्यांना बांबू टनाला दीड रुपया अशा भावाने देऊ केला होता, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारात शेकडो पट महाग घ्यावा लागे. गाडगीळ पर्यावरणशास्त्रज्ञ, खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते नव्हेत. तरी मला विचाराल तर आमच्या विषयातला यापेक्षा चांगला अभ्यास मी पाहिलेला नाही. बाजाराला सर्वांत मोठी इजा अनेकदा उद्योगच करतो, सरकारच्या हाताने. 1993 मध्ये काही बड्या उद्योगपतींनी परदेशी स्पर्धेपासून संरक्षण मागितलं. त्यांना 'बॉम्बे क्लब' हे नाव पडलं. उदारीकरणाला दोनच वर्षं झाली होती.

आपल्या घरचं उदाहरण ऊस. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 2006 पासून दोन साखर कारखान्यांत किमान 15 किलोमीटर अंतराची अट आहे. राज्यांना ती वाढवता येते. महाराष्ट्राने ती 25 किलोमीटर केली, आणि हे अंतर हवाई मोजायचं. अर्थ साधा आहे: आहे त्या कारखान्याच्या शेजारी दुसरा येणार नाही, आणि शेतकऱ्याला ऊस दुसऱ्याला द्यायचा तर वाहतुकीत तो भाव जाईल. 2012 मध्ये रंगराजन समितीने ही अट काढायला सांगितलं. केंद्राने 2013 मध्ये लेव्ही साखर रद्द केली, विक्रीवरचं कोट्याचं बंधन काढलं, म्हणजे कारखान्याला मोकळं केलं. अंतराची अट राज्यांवर सोडली, म्हणजे शेतकरी होता तिथेच राहिला. शेतकरी संघटना ही अट हटवा म्हणून वर्षानुवर्षं मागणी करते आहे. महाराष्ट्रात कारखाना कुणाकडे आहे आणि विधानसभेत कोण बसतं हे वाचकांना मी सांगायला नको. मला एवढंच म्हणायचं आहे की खुल्या बाजाराच्या संस्थेने परकीय गुंतवणुकीवर दहा अहवाल काढले आणि या 25 किलोमीटरवर एकही काढला नाही, तर तिच्या नावातल्या 'खुल्या' शब्दाला काही आधार नाही.

आणि म्हणून पैशाचा प्रश्न. अशा संस्था देणग्यांवर चालतात. लंडनमधली 'इन्स्टिट्यूट ऑफ इकनॉमिक अफेअर्स' ही 1955 ची, जगभरच्या अशा संस्थांची मोठी बहीण. युद्धात वैमानिक असलेल्या अँटनी फिशरने ती काढली. अर्थतज्ज्ञ हायेकने त्याला सल्ला दिला होता की निवडणुकीच्या नादी लागू नकोस, विचारांवर काम कर. फिशरने कोंबडीपालनात कमावलेला पैसा त्यात घातला. पुढे त्याच संस्थेने तंबाखू कंपन्यांकडून देणग्या घेतल्याचं मान्य केलं, आणि तंबाखूवरच्या बंधनांना विरोध करणारं तिचं लेखन लोक तेव्हापासून वेगळ्या नजरेने वाचतात. त्या लेखनातला एखादा मुद्दा बरोबर असला तरी आता त्याचा उपयोग नाही. माझं मत स्पष्ट आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर, लेखकाच्या नावाखाली, पैसे कुणी दिले ते छापावं. ज्या उद्योगाबद्दल अहवाल आहे त्याचा पैसा त्या अहवालाला घेऊ नये. परदेशी देणगीवर आपल्याकडे कडक कायदा आहे, 2020 पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादाही वीस टक्क्यांवर आली आहे. देशी देणगी कुणाची, हे मात्र वाचकाला सांगायला कुणी भाग पाडत नाही. ते आपण होऊन सांगावं लागेल.

पैशाइतकाच दुसरा मोह असतो, आपल्याच विचाराचा. बिहारने 2006 मध्ये बाजार समिती कायदा रद्द केला. आमच्या तर्काप्रमाणे तिथे खासगी बाजार फुलायला हवे होते. तसे ते फुलले नाहीत. जुनी आवारं पडून राहिली आणि भावांची अनिश्चितता गेली नाही. दुसरीकडे केरळात तो कायदा कधी नव्हताच. महाराष्ट्राने 2016 मध्ये फळं-भाजीपाला समितीच्या नियमनातून काढला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तरी शेतकरी आजही मोठ्या प्रमाणात आवारातच येतो, कारण तिथे तोलणारा आहे, हमाल आहे, चार खरेदीदार एकत्र आहेत आणि पैसे मिळण्याची थोडीफार खात्री आहे. कायदा काढला की बाजार आपोआप उभा राहत नाही. बाजाराला रस्ता लागतो, गोदाम लागतं, वजनकाटा लागतो, वाद झाला तर सहा महिन्यांत निकाल देणारं कुणीतरी लागतं. यातलं बरंचसं सरकारनेच करायचं असतं. हे आम्ही मोकळेपणाने लिहिलं नाही, म्हणून 2020 मध्ये पंजाबच्या शेतकऱ्याने आमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.

या पेशात येऊ पाहणाऱ्यांकडून दोन गोष्टींची मागणी करावीशी वाटते. एक म्हणजे मराठीत लिहा. कांद्यावरचे बहुतेक अहवाल दिल्लीत इंग्रजीत छापले जातात. शरद जोशींनी उणे सबसिडीसारखी किचकट कल्पना मराठीत, बैलगाडीवर बसलेल्या श्रोत्याला कळेल अशी मांडली, आणि म्हणून नाशिकचा शेतकरी आजही निर्यातबंदीच्या बातमीवर अर्थतज्ज्ञाइतकं नेमकं बोलतो. दुसरी, एक कायदा निवडा आणि दहा वर्षं सोडू नका. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचं किसानपुत्र आंदोलन कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि भूसंपादन या तीनच कायद्यांवर बोलत राहतात. त्यांची सगळीच मतं पटोत न पटोत, आवश्यक वस्तू कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात बसलेला आहे हे आज मराठवाड्यातल्या तालुक्याच्या सभेत लोकांना माहीत असतं, ते त्यांच्यामुळे.

कांद्याचं पुढे काय झालं ते सांगतो. 2020 ची बंदी उठल्यानंतर ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क. 8 डिसेंबर 2023 ला बंदी, आधी मार्चअखेरपर्यंत, मग मुदत संपण्याआधीच पुढे वाढवलेली. 4 मे 2024 ला, लोकसभेच्या निवडणुका चालू असताना, बंदी उठली. पण टनाला 550 डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. एवढ्या उलथापालथीसाठी आधी संसदेत जावं लागलं नाही. प्रत्येक वेळी एक अधिसूचना पुरली, आणि त्यांपैकी बंदीची अधिसूचना काढण्याचा अधिकार 1992 च्या कायद्यात आजही तसाच आहे. शेतकऱ्याला किती दिवसांची आगाऊ सूचना द्यावी याविषयी त्यात एक ओळही नाही. निर्यातबंदी लावण्याआधी निदान एका हंगामाची सूचना द्यावी आणि आधी झालेले करार पाळू द्यावेत, एवढी दुरुस्ती सुचवणारं टिपण आम्ही सध्या तयार करतो आहोत. मराठी मसुदा आधी लिहितो आहोत, इंग्रजी नंतर.